बाईच्या दातातला चौकोन

सकाळी सव्वाअकरा वाजता बाईच्या दातात काहीतरी काळं दिसलं आणि मी चहाचा कप टेबलावर ठेवून दिला. बाई म्हणजे खरीखुरी बाई नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या देशात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत आठ हजार शाळकरी मुलांनी रंगीत पुठ्ठे धरून जी चित्रं केली होती, त्यातलं हे शेवटचं. डोक्याला रुमाल, खांद्यावर गव्हाच्या ओंब्या आणि कानापर्यंत पोचलेलं हसू. प्रत्येक मूल म्हणजे एक चौकोन. त्या हसण्यात, खालच्या दातांच्या ओळीत, एक चौकोन काळा होता. फितीवरची धूळ असेल म्हणून मी चित्र मोठं केलं. धूळ मोठी केली की तिच्या कडा विरतात, ओरखडा मोठा केला की लांबत जातो. हा मोठा झाला तरी चौकोनच राहिला. जुन्या फिती साफ करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे कोणाला विचारायची गरज नव्हती. शिवाय तो चौकोन माझ्या ओळखीचा होता. तो मीच होते.

आमचं ऑफिस सरकारी फिल्म भांडाराच्या तळघरात आहे. वर्षाचे बाराही महिने स्वेटर घालावा लागतो आणि जुन्या फितींचा आंबूस वास केसांत जाऊन बसतो. भिंतीवर एक पिवळा कागद आहे, मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने स्वतःच्या हाताने लिहिलेला. ‘फितीवर नंतर जे आलं ते काढायचं. कॅमेऱ्यासमोर जे होतं त्याला हात लावायचा नाही.’ त्याच्याखाली बसून मी ते चित्र पाहत होते तेवढ्यात साहेब आले. साहेब माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहेत, माणूस सज्जन आहे, पण फोन आला की खुर्चीत असले तरी उभे राहतात. “मॅडम, समारंभ समितीचा फोन होता,” ते म्हणाले. स्पर्धा आता पुन्हा आपल्याकडे भरणार होत्या, नव्या स्टेडियममध्ये, आणि उद्घाटनात ‘काल आणि आज’ असा काही कार्यक्रम होता. त्यातल्या ‘काल’साठी जुन्या फितीतली तीन मिनिटं हवी होती. “एकदम चकाचक हवीत. आणि ते बाईच्या दातात काय आहे ना, ते काढा म्हणाले.” मी विचारलं, कोण म्हणालं. “दिग्दर्शक. पोरगाच आहे अजून, पण डोकं आहे. म्हणतो, पडदा साठ मीटरचा, त्यावर तो डाग खिडकीएवढा दिसेल. जग बघणार आहे, मॅडम. बुधवारी दुपारपर्यंत द्या.” म्हणजे दोन दिवस होते. तेवढे लागणार नव्हते. शेजारचा पांढरा उचलायचा आणि काळ्यावर ठेवायचा, चार मिनिटांचं काम.

जग बघणार आहे, हे वाक्य मी बारा वर्षांची असताना इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अर्थच निघून गेला होता. ते म्हणायचे ते माझे बाबा, कारण ते आमच्या शाळेत व्यायामाचे शिक्षक होते आणि शाळेच्या वाट्याला आलेली मुलं तयार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. मोठ्या, नावाजलेल्या शाळांना डोळे मिळाले होते. नदीपलीकडच्या शाळेला नाक. आमच्या शाळेला तोंड मिळालं, आणि बाबा त्यावर खूश होते, कारण नाकाला काही काम नसतं, हसायचं तोंडाने असतं. चार महिने रोज सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही पुठ्ठे घेऊन बसायचो. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने काळा, शिवाय लाल, पिवळा, निळा असे गठ्ठ्याने. मैदानाच्या टोकाला आकड्यांची पाटी बदलायची, बाबांची शिट्टी व्हायची आणि सहाशे चाळीस पुठ्ठे एकदम उलटायचे. त्या आवाजाने झाडावरचे पक्षी उडायचे. प्रत्येकाला आपला आकडा पाढ्यासारखा पाठ असायला हवा होता. माझा एकतीस-सतरा, म्हणजे एकतिसावी ओळ, ओठाच्या कोपऱ्यापासून सतरावी जागा. आई जेवताना मला हाक मारायची तीसुद्धा एकतीस-सतरा अशी. ती बाबांना म्हणायची, “ही तुमची बाई एवढी हसते म्हणजे हिला घरकाम नसणार.” बाबा खरंच विचारात पडायचे. आमच्या शहरात गहू कोणी पिकवत नव्हतं, रुमाल बांधून ओंब्या वाहणारी बाई आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती, पण आपला देश कसा दिसायला हवा हे कुठल्याशा वरच्या कचेरीत ठरलं होतं आणि ते वाईट ठरलं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. आजही ते हसू पाहिलं की आधी बरंच वाटतं.

माझ्या शेजारी, एकतीस-अठरावर, शिंकरी बसायची. तिचं खरं नाव हजेरीत तेवढं होतं. पुठ्ठ्यांच्या रंगाच्या वासाने तिला शिंका यायच्या आणि ती शिंकली की बाईचा एक दात हलायचा. बाबा मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, “तो दात किडलाय का?” सगळे हसायचे, शिंकरी सगळ्यात जास्त. चार महिने माझा डावा कोपर तिच्या उजव्या कोपराला लागून होता. तिच्या पेन्सिलीला मागच्या बाजूने चावल्याच्या खुणा होत्या, तिच्या हाताला लिंबासारखा वास यायचा, हे मला आजही सांगता येईल. नियम तीन होते. चेहरा पुठ्ठ्यावर येता कामा नये. काही झालं तरी जागा सोडायची नाही. आणि आपल्या डावीकडचं कोणी पडलं तर त्याचा पुठ्ठा आपण दुसऱ्या हाताने धरायचा. तिसऱ्या नियमाचा सराव आम्ही खेळ म्हणून करायचो. कोणीतरी खोटं खोटं पडायचं, शेजारचा दोन पुठ्ठे धरायचा, आणि समोरून काही कळायचं नाही. पुठ्ठ्याआडून आम्हालाही काही दिसायचं नाही. पाटीचा आकडा दिसण्यापुरतं एक भोक पुठ्ठ्यात होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. आम्ही काय करत होतो ते सगळ्या जगाला दिसणार होतं, आमची मान मात्र त्या भोकाला बांधलेली होती.

दुपारी माझा हात कामाला लागला, कारण हाताला सवय असते. धूळ काढली, ओरखडे काढले, मधेच फितीला पडलेली घडी बुजवली. दाताशी आले की पुढे जायचे. संध्याकाळी घरी जाताना रस्ताभर भिंती रंगवण्याचं काम चाललं होतं. जिथे आठवड्यापूर्वी दुरुस्तीची दुकानं आणि सायकलींचे सांगाडे होते तिथे हिरव्या पत्र्याचं कुंपण आलं होतं आणि त्यावर निरनिराळ्या वयाचे हसरे चेहरे. आमच्या इमारतीच्या दारावर सूचना लागली होती की पाहुण्यांच्या गाड्या या मार्गाने जाणार असल्यामुळे रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. बाबांना वाचून दाखवली. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध आता अंधार आहे, कडेचं दिसतं, त्यामुळे ते माणसाकडे पाहायचं तर त्याच्या कानाकडे पाहतात. “माझ्या बनियनने देशाची नाचक्की होणार आहे का?” ते माझ्या कानाला म्हणाले. मग उठून चाचपडत बाल्कनीत गेले आणि स्वतःच दोरी सोडवून घेऊन आले. नियम म्हटला की तो पाळायचा, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी आयुष्यात एकही नियम मोडला असेल असं मला वाटत नव्हतं, म्हणूनच मी मोडलेला नियम मला जास्त जड झाला होता. ताट वाढताना जिभेवर आलं होतं की आज ती फीत पाहिली. पण आमच्या घरात त्या दिवसाबद्दल चाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं आणि अशा गोष्टीला सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाही.

त्या दिवशी सकाळी सहापासून आम्ही गॅलरीत होतो. मधेच कोणाला लघवीला जावं लागू नये म्हणून पहाटेपासून पाणी द्यायचं नाही असा आदेश होता. ऊन चढत गेलं. जीभ टाळूला चिकटली तरी कोणी कुरकुर केली नाही, कारण आम्हाला तो मान वाटत होता. धरण झालं, आगगाडी झाली, उडणारे पक्षी झाले. शेवटच्या चित्राला उभं राहायचं होतं. एकविसाव्या खुणेला बाईचे ओठ मिटलेले, बाविसाव्या खुणेला ती हसणार. मधे थोडा वेळ होता. खालून बँडचा आवाज येत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला एकदम वाटलं की हे सगळं माझ्यासमोर होतंय आणि मी ते कधीच पाहणार नाही. मी टाचा उचलल्या आणि पुठ्ठ्यावरून पाहिलं. मैदानातून देशोदेशीचे खेळाडू चालले होते. एका देशाचे चारच जण होते. त्यातल्या एका उंच बाईच्या बुटाची नाडी सुटली होती. ती खाली बसून बांधत होती, बाकीचे तिघे पुढे गेले होते, मग ती उठली आणि हसत हसत त्यांच्यामागे पळाली. एवढंच. ते हसू कोणी ठरवून दिलेलं नव्हतं हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण मी टाचा लगेच खाली टेकवल्या नाहीत. खाली आले तेव्हा पाटीवर बावीस होता. माझा पुठ्ठा मी उलटला का? हात हलल्याचं आठवतं. पण तो आधी हलला की नंतर, पांढरा समोर गेला की आत, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बाईचा फोटो आला. दातात काळा ठिपका. सगळ्या देशाने थट्टा केली, बाईने भाजी खाऊन चूळ भरली नाही म्हणाले. बाबांना समितीने बोलावलं. ते परत आले, दारातच चपला काढत उभे राहिले. आईने विचारलं, “कोणाची चूक निघाली?” बाबा म्हणाले, “माझी.” आणि माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात त्यांना मैदानावरून काढून शाळेच्या पुस्तकांच्या कोठीत बसवलं. शिट्टी टेबलाच्या खणात गेली. त्यांच्याकडे जागेचे सगळे आकडे होते, कुठला चौकोन कोणाचा हे त्यांना माहीत नसणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मी कबूल करीन याची ते वाट पाहत होते, असं मी धरून चालले. मी कबूल केलं नाही. पुढे मी आयुष्यभर डाग काढायचं काम केलं यात कोणाला अर्थ दिसला तर दिसो. मला सरकारी नोकरी हवी होती.

मंगळवारी सकाळी मी तो दात पांढरा केला. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाई स्वच्छ हसली. मी खुर्चीत मागे टेकले आणि हलकं वाटायची वाट पाहत बसले. वाटलं ते वेगळंच. कोणीतरी माझं बोट धरलेलं होतं आणि आता सोडलं, असं. मी केलेलं पुसलं आणि काळा चौकोन परत आणला. मग मनात आलं की काढायचाच आहे तर एकदा नीट भेटून घ्यावं. पेपरातल्या फोटोत बाईचं तोंड बोटाच्या पेराएवढं होतं, त्यात दात मोजणं शक्य नव्हतं. इथे एकेक पुठ्ठा वेगळा दिसत होता, काहींच्या कडेला धरलेली बोटंसुद्धा. मी ओठाच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, ओठ हलवत, शाळेतल्यासारखी. एक, दोन, तीन. सतरावा पांढरा होता. मी परत मोजलं. पेन्सिलीचं टोक पडद्याला टेकवत तिसऱ्यांदा मोजलं. सतरावा पांढरा, अठरावा काळा. आणि तो काळा पुठ्ठ्याचा काळा नव्हता, पुठ्ठ्याच्या काळ्याला थोडी चमक असते. ती सावली होती. तिथे पुठ्ठाच नव्हता, माणूसच नव्हतं. मग सतराव्याच्या वरच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली. अजून मोठं केल्यावर कळलं की ते केस आहेत, आणि त्याखाली कपाळ. कोणीतरी टाचा उचलून पाहत होतं.

मी तेवढा भाग मोठ्या कागदावर छापून घेतला आणि साहेबांना बरं नाही असं सांगून दुपारीच घरी आले. बाबा खिडकीशी बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवर पसरला आणि विचारलं, “बाबा, एकतीस-अठरा कोण होतं?”

“शिंकरी,” ते लगेच म्हणाले. कागदावर काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. मान कलती करून त्यांनी तो कडेच्या नजरेने पाहिला, मग ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. बोट काळ्या चौकोनावर थांबलं. “हे इथे.”

“ती तिथे नाहीये.”

“कशी असेल? बाविसाच्या आधीच पडली होती. मी ओळीच्या पलीकडच्या टोकाला होतो, तिथून पोरांच्या पायांतून रांगत गेलो आणि ओढून काढली तिला. ओठ पांढरे झाले होते गं. खाली नळाखाली धरली, पाणी पाजलं, तेव्हा एक शिंक दिली तिने. ती शिंक ऐकली आणि मी तिथेच नळापाशी बसलो.” ते थोडं हसले. “पुढे तिच्या वडलांची बदली झाली, गेले ते लोक.”

परतीच्या बसमध्ये शिंकरी नव्हती. ती दुसऱ्या बसमध्ये असेल असं मला वाटलं होतं. त्यानंतर आठवडाभर सुट्टी होती, नंतर बाबांचं सगळं झालं, आणि बाकावरची शेजारची जागा रिकामी का आहे हे मी विचारलंच नाही. माझा कोपर तिच्या कोपराला लागून होता. माझ्या शेजारची मुलगी दगडासारखी खाली गेली आणि मी एका परक्या बाईच्या बुटाची नाडी पाहत होते. चाळीस वर्षं मी भलत्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत होते आणि खरा गुन्हा माझ्या कोपराजवळ पडून राहिला होता.

“तुम्ही समितीला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं की. ते म्हणाले, पोरगी पडली ते ठीक, पण शेजारच्याने पुठ्ठा धरायचा होता, तो का नाही धरला? शेजारी कोण होतं त्याचं नाव द्या.” बाबा कागदाची घडी सरळ करत राहिले. “मी म्हटलं, नाव कशाला, मीच जागा रिकामी केली. माझी चूक.”

“म्हणजे मला वाचवण्यासाठीच.”

“वाचवायचं काय त्यात? तू बारा वर्षांची.” मग ते माझ्या कानाकडे पाहत म्हणाले, “मी खाली रांगत होतो ना, तुझे पाय दिसले मला. टाचा उचललेल्या. तुला हाक मारणार होतो, पुठ्ठा धर म्हणून. तोंडापर्यंत आली होती हाक. मग म्हटलं, बघू दे. चार महिने राबवलं पोरांना, एकाला तरी काही बघायला मिळू दे.”

बाहेर भिंत रंगवणाऱ्यांनी शिडी सरकवली, तिचा खरखर आवाज आला. मी विचारलं, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुला माहीत आहे. शेजारीच तर होतीस. आपण पुठ्ठा धरला नाही हे तुला लागलं असेल, म्हणून मी विषय काढत नव्हतो.” त्यांनी थोडा विचार केला. “काय पाहिलंस गं तेव्हा?”

मी त्यांना उंच बाईबद्दल सांगितलं, सुटलेली नाडी, पुढे गेलेले तिघे, तिचं हसत पळणं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, “बरं झालं,” आणि मी रडले, बारा वर्षांच्या मुलीसारखी, नाक ओढत. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या कानावर टेकवला.

बुधवारी मी फीत दिली आणि तिच्याबरोबरचा कागद भरला. त्यात दोन रकाने असतात. काढलेले दोष, यात मी धूळ, ओरखडे, घडी असं सगळं लिहिलं. तसंच ठेवलेलं, यात लिहिलं: ओळ एकतीस, जागा अठरा. साहेबांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. “मॅडम, यावर मी सही नाही करू शकत.” मी म्हटलं, माझी आहे ना खाली. “पण मी त्यांना सांगू काय?” मी पिवळ्या कागदाकडे बोट दाखवणार होते, पण तो त्यांना रोज दिसतो. “सांगा, तिथल्या मुलीला तहान लागली होती,” मी म्हटलं. “तिला पाणी प्यायला नेलं होतं.” साहेबांनी फोन लावला आणि मी सांगितलं ते शब्दाला शब्द तसंच सांगितलं. “हो, हो, विचारतो,” असं म्हणून त्यांनी फोनवर हात ठेवला. “दिग्दर्शक विचारतोय, मुलगी बरी झाली ना?” मी म्हटलं, झाली. साहेबांनी ते सांगितलं. पुढे काय ठरलं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. चार मिनिटांचं काम कुठेही, कोणीही करू शकत होतं, आणि तसं झालं तर माझ्या हातात काही नव्हतं.

उद्घाटनाचा दिवस आला, समारंभ संध्याकाळी होता. बाल्कन्या मोकळ्या, रस्ता धुतलेला, आमचे कपडे न्हाणीघरात. बाबांनी खुर्ची टीव्हीसमोर तिरकी लावून घेतली, म्हणजे त्यांना कडेने दिसेल. कोठीत बसवल्यानंतर अशा समारंभाचं नावही त्यांनी काढलं नव्हतं, आज मात्र दुपारीच दाढी केली होती. आकाशात दिव्यांची फुलं झाली, पाण्यावर शहरं उभी राहिली, देश आता केवढा मोठा आणि चकचकीत झाला आहे ते सगळं आलं, आणि खरं सांगायचं तर छान होतं. मग अंधार झाला आणि आमची जुनी फीत सुरू झाली. धरण. आगगाडी. पक्षी. बाईचे मिटलेले ओठ आले. बाबांनी माझा हात चाचपडत धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बावीस.”

बाई हसली. साठ मीटरचं हसू, आणि स्टेडियममधले हजारो लोकही हसले, कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखे.

“आहे?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

“आणि सतरा?”

मी टीव्हीच्या जवळ गेले. पांढऱ्या चौकोनावरती ती बारीक काळी रेघ तशीच होती.

“बघतेय, बाबा,” मी म्हटलं.